जिंतूरकरांची नऊ कपाटं

जिंतूरकर सरांना मी अकरा वर्षं सहन केलं. हे वाक्य लिहून थोडा वेळ थांबले, कारण गेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये असं मला शिकवलेलं आहे. ते गेले त्याला आता चार महिने होतील. संस्थेच्या ग्रुपवर बातमी आली तेव्हा सगळ्यांनी हात जोडले. कुणी 'चालताबोलता कोश' लिहिलं, कुणी 'असा कान पुन्हा होणे नाही' लिहिलं. मी फोन पालथा ठेवला आणि भाजी चिरायला बसले. लोकांनी लिहिलं ते खरंच होतं, म्हणून तर जास्त राग आला.

औरंगपुऱ्यात, एका शाळेच्या मागच्या गल्लीत, आमचं ध्वनिसंग्रहालय आहे. दोन खोल्या, एक काउंटर, हेडफोन लावून ऐकायला बसायची चार टेबलं आणि नऊ लोखंडी कपाटं. शहरातल्या शौकिनांनी, त्यांच्या मागे त्यांच्या मुलाबाळांनी, देऊन टाकलेल्या तबकड्या, स्पूल आणि कॅसेटी या कपाटांत आहेत. कुणीही यावं, मागावं, ऐकावं, असा संस्थेचा हेतू. दारावरच्या पाटीवर 'सर्वांसाठी खुले' असं लिहिलेलं आहे. दत्तात्रय जिंतूरकर तिथले संग्रहपाल होते, आणि सगळ्या नोंदी संगणकावर चढवण्यासाठी मला घेतलं होतं.

पहिल्या दिवशी त्यांनी मला बसायला सांगितलं नाही. पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटापर्यंत बटणं लावलेली, मे महिना असूनही. खिशात दोन पेनं, एक काळं, एक लाल. माझ्या अर्जावरून नजर फिरवत म्हणाले, "जाधव म्हणजे कुठल्या?"

मी म्हटलं, "फुलंब्रीच्या."

"गाव नाही विचारलं."

मी गप्प राहिले. माझ्या गप्प राहण्यातून त्यांना हवं ते उत्तर मिळालं असावं, कारण त्यांनी अर्ज बाजूला ठेवला आणि मारवा आणि पूरिया यांत फरक काय, असं विचारलं. मला माहीत नव्हता. त्यांनी मान हलवली, जणू त्यांचा अंदाज बरोबर निघाला. त्या दिवसापासून त्यांनी मला कधी नावानं हाक मारली नाही. मी 'टायपिस्टबाई' झाले आणि अकरा वर्षं तीच राहिले.

त्यांच्या सवयी सांगते. ऐकायला बसले की पंखा बंद करायचे. त्यांचा एकट्याचा नाही, खोलीतला. चार टेबलांवर चार माणसं घामानं भिजून जायची, पण पंख्याची घरघर तानपुऱ्यात मिसळते म्हणून तो बंद. चहा ते आवाज न करता प्यायचे आणि दुसऱ्यानं भुरका मारला की कप खाली ठेवून त्याच्याकडे बघत राहायचे. आमचे शिपाई सलीमभाई म्हणूनच चहा घेऊन बाहेर पायरीवर बसायचे. मशीनवर टेप लावली की दोन सेकंदांत सर सांगायचे, "वेग चढलाय." मोजून बघितलं की खरंच चढलेला असायचा, इतका थोडा की तुम्हाआम्हाला आयुष्यभर कळला नसता. एकदा मुंबईहून कुणीतरी एका मोठ्या गवयाची दुर्मिळ टेप म्हणून पाठवली. सरांनी पंधरा सेकंद ऐकली आणि म्हणाले, "हे ते नाहीत. हा त्यांचा शिष्य आहे आणि त्याला सर्दी झालीय." सगळे हसले. वर्षभरानं त्या शिष्याच्या घरच्यांचं पत्र आलं. सर्दीचं माहीत नाही, बाकी सगळं बरोबर निघालं.

असा कान. आणि त्या कानाच्या जोरावर त्यांनी जे केलं होतं ते मला पहिल्या आठवड्यात कळलं.

त्यांनी कपाटं लावली होती ती प्रतवारीनं. अक्षरांच्या क्रमानं नाही, रागांच्या नाही, सालाप्रमाणंही नाही. पहिल्या कपाटात त्यांच्या मते थोर. दुसऱ्यात, थोर होता होता राहिलेले. तिसऱ्यात चांगले, चौथ्यात बरे. पाचव्यात नाटकातली पदं, सहाव्यात भावगीतं, सातव्यात सिनेमा, 'लोकाग्रहास्तव'. आठव्यात शहरातले स्थानिक गायक, म्हणजे ज्यांना ते रस्त्यात भेटायचे आणि ज्यांच्या नमस्काराला मान हलवायचे ते. आणि नवव्यात उरलेलं सगळं: भीमगीतं, कव्वाल्या, भजनी मंडळं, लग्नातली गाणी, गोंधळी, जात्यावरच्या ओव्या. नववं कपाट मागच्या खोलीत, संडासाच्या भिंतीला लागून होतं.

कोणता गवई कोणत्या कपाटात याची यादी कुठंही लिहिलेली नव्हती. तुम्हाला एखादं गाणं हवं असेल तर एक चिठ्ठी भरायची. तिच्यावर रकाने: गायक, घराणं, राग, ताल, अंदाजे साल. एकही रकाना रिकामा असला तर सर लाल पेनानं 'अपूर्ण' लिहून चिठ्ठी परत द्यायचे. लोक यायचे, चिठ्ठीकडे बघायचे, एकमेकांकडे बघायचे आणि निघून जायचे. मी एकदा म्हटलं की पहिल्या ओळीवरून शोधता आलं तर लोकांना सोपं जाईल. ते म्हणाले, "पहिल्या ओळीवरून गाणं शोधायचं म्हणजे चपलेवरून माणूस शोधायचा. आणि सोपं कशाला जायला पाहिजे, टायपिस्टबाई? ज्याला काय हवंय तेच माहीत नाही, त्याला ते मिळून उपयोग काय?"

पहिल्या कपाटातल्या एकेका तबकडीला त्यांनी अख्खं कार्ड दिलेलं होतं. गायक कोण, तबल्यावर कोण, पेटी कुणाची, तानपुऱ्यावर मागं कोण बसलं होतं, मैफल कुणाच्या घरी, श्रोत्यांत कोण होतं, मधे कोण खोकलं. मी टाइप करत होते आणि खरं सांगते, मजा यायची. मग नवव्या कपाटाचं रजिस्टर उघडलं. त्यात एक ओळ होती: 'लोकगीते (बायका), पाचोड, कॅसेट १ ते ३१.' एकतीस कॅसेटींना एक ओळ.

सलीमभाईंना विचारलं. ते म्हणाले की पाचोडच्या शाळेतल्या एका तांबे गुरुजींनी पस्तीसेक वर्षांपूर्वी गावातल्या बायकांना ओव्या म्हणायला लावून त्या टेपरेकॉर्डरवर घेतल्या होत्या. गुरुजी वारल्यावर मुलानं पेटी आणून दिली. प्रत्येक कॅसेटच्या डबीत एक कागद होता, पेन्सिलीनं बायकांची नावं लिहिलेला. सरांनी ते सगळे कागद काढून टाकायला सांगितले होते. कागदाला कसर लागते, ती टेपला जाते, हे कारण. कारण खोटं नव्हतं. पण पहिल्या कपाटातले कागद त्यांनी स्वतः प्लॅस्टिकच्या पाकिटांत घालून ठेवले होते.

"उनो सुनते बहोत," सलीमभाई हळूच म्हणाले, "पन सुनाते नै."

दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी एक आजी आल्या. सत्तरीच्या पुढच्या, निवृत्त नर्स, हातात कापडी पिशवी. त्यांना एक गाणं हवं होतं. लहानपणी सकाळी रेडिओवर लागायचं आणि त्यांचे वडील दाढी करता करता थांबायचे, एवढंच त्यांना माहीत होतं. शब्द आठवत नव्हते. चाल येत होती. मी सरांकडे बघितलं. सरांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "म्हणा."

आजींनी काउंटरला धरून, थरथरत्या आवाजात, चार लोकांसमोर ती चाल गुणगुणली. श्वास पुरत नव्हता, मधेच थांबून पुन्हा सुरू करत होत्या. सर डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकत होते. मला वाटलं, आज हा माणूस उठेल. मग त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "बाई, हे गाणं नाही. ही तुमची आठवण आहे. आठवणींची नोंद आम्ही ठेवत नाही."

आजी दोनदा 'बरं' म्हणाल्या. पिशवी उचलून गेल्या.

अर्ध्या तासानं चहाच्या वेळी सर मला म्हणाले, "तिनं मुखडा सोडून अंतरा धरला होता, म्हणून पटकन लागेना. तिसरं कपाट, दुसरा खण, डावीकडून सातवी." आणि हसले. मी त्यांना हसताना फार वेळा पाहिलेलं नाही. त्या हसण्यात दुष्टपणा नव्हता, हे मला आजही जास्त भयंकर वाटतं. कोडं सुटल्याचा आनंद होता फक्त. ती तबकडी त्या बाईला ऐकवायची असते, हे त्यांच्या डोक्यात कुठंही नव्हतं.

मी चपला न घालता धावले. गल्लीत नव्हत्या. रिक्षा स्टँडवर विचारलं, पैठण गेटपर्यंत गेले. नाव विचारलेलं नव्हतं, फोन नंबर घेतलेला नव्हता. त्या पुन्हा कधी आल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी शंभर पानी वही आणली आणि काउंटरवर ठेवली. जो येईल तो काय मागतो, ते त्याच्याच शब्दांत लिहायचं. नाव आणि नंबर घ्यायचा. लोक जे मागायचे ते चिठ्ठीच्या कुठल्याच रकान्यात बसणारं नव्हतं. आमच्या गावच्या बँडवाल्यानं वाजवलेलं. सासूबाई म्हणायच्या ते. ज्यात सतार एकदम थांबते आणि कुणीतरी 'वा' म्हणतं ते. जयंतीला आमच्या वस्तीत पहाटे लागायचं ते. हळूहळू मला कळायला लागलं की लोकांना गाणं कधी, कुठं, कुणाबरोबर ऐकलं ते आठवतं. मग संगणकात मी तेच रकाने केले: पहिली ओळ, मधली कुठलीही ओळ, गाव, प्रसंग, वेळ, म्हणणाऱ्याचं नाव. राग आणि घराणंही ठेवलं, पण शेवटी.

एका सकाळी आले तर वहीत लाल शाई. सरांनी सगळी पानं तपासली होती, शाळेतल्यासारखी. लोकांच्या बोलण्यातल्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका दुरुस्त केल्या होत्या. समासात जागोजागी 'मूर्खपणा' लिहिलं होतं. आणि तीन ठिकाणी, त्या मूर्खपणाच्याच खाली, कपाटाचा आणि खणाचा नंबर. मी त्या तिघांना फोन केले. सरांना थँक्यू म्हणायला हवं होतं का, माहीत नाही. मी म्हटलं नाही.

मग संतोष खरात आले.

वाळूजला एका कंपनीत कामाला, मूळचे पाचोडचे, पन्नाशीच्या आतबाहेरचे. पहिली पाळी करून, अंगावर कंपनीचा निळा शर्ट तसाच ठेवून आले होते. चिठ्ठी वाचून त्यांनी मला परत दिली आणि सांगितलं ते असं: त्यांची आई कौसाबाई नुकतीच वारली. तिचा एकच फोटो आहे, रेशन कार्डावरचा, त्यात तोंड दिसत नाही. त्यांच्या लहानपणी तांबे गुरुजींच्या ओट्यावर ती दळणाच्या ओव्या म्हणायला गेली होती आणि ते तिच्या पदराला धरून बसले होते, एवढं त्यांना आठवत होतं. त्या कॅसेटी इथं आहेत असं गुरुजींच्या मुलानं सांगितलं.

सरांनी रजिस्टर बघायचंही नाटक केलं नाही. "कौसाबाई नावाची नोंद नाही," म्हणाले.

"पन कॅसेटी तर हायेत ना साहेब?"

"एका बाईसाठी एकतीस कॅसेटी वाजवायच्या? मशीनचं हेड झिजतं. ते पुन्हा मिळत नाही."

संतोषनी वाद घातला नाही. मशीनवर काम करणारा माणूस, हेड झिजतं म्हणजे काय ते त्यांना कळलं. ते मान डोलावून निघाले. या वेळी मी आधीच नंबर घेतलेला होता.

मी अध्यक्षांकडे गेले. आमचे अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त डॉक्टर, सरांना घाबरणारे. मी म्हटलं, नोंद नाही कारण नावांचे कागद आपणच फेकले. हे मी लेखी देऊ का? त्यांनी तेवढ्यावर परवानगी दिली. दर साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, तीन तास, संतोष खरातांनी ऐकायचं.

नवव्या कपाटाचं दार उघडायला सलीमभाईंना कानस आणावी लागली. आत खालच्या खणात भिंतीची ओल उतरली होती. तीन, चार आणि एकोणीस नंबरच्या कॅसेटींवर पांढरी बुरशी चढली होती, टेप एकमेकीला चिकटून गेली होती. त्यांतल्या बायका कोण होत्या, काय म्हणाल्या होत्या, ते आता कुणालाच कळणार नाही. मी त्या तीन डब्या सरांच्या टेबलावर नेऊन ठेवल्या. त्यांनी एक उचलली, वास घेतला, खाली ठेवली.

"मैफलीची असती तर असं झालं असतं का सर?" मी विचारलं.

ते म्हणाले, "नसतं." इतकं सरळ. मी तिन्ही डब्या परत उचलल्या.

सात आठवडे संतोष आले. दरवेळी नवे धुतलेले कपडे घालून, केस विंचरून. हेडफोन लावून, दोन्ही हात मांडीवर ठेवून बसायचे. सगळ्या आवाजांत जात्याची घरघर, मधे कोंबड्या, पोरांचा कालवा. सर आपल्या खुर्चीत बसून असायचे. कुणी मशीनला हात लावलेला त्यांना चालत नव्हता म्हणून टेप तेच लावायचे, तेच काढायचे, एक शब्द न बोलता.

तेविसाव्या कॅसेटवर संतोषनी हात वर केला. हेडफोन काढून माझ्याकडे दिला. एक बाई ओवीत भावाचं नाव घेत होती, मग माहेरच्या वाटेचं, मग तिनं लेकाचं नाव घेतलं. संतोष.

"परत लावता का?" ते म्हणाले.

सरांनी टेप मागं घेतली, लावली. परत मागं घेतली, लावली. चौथ्यांदा ऐकून झाल्यावर ते टेबलाकडे न बघता म्हणाले, "चौदा नंबरला पण होत्या त्या, तुमच्या लक्षात आलं नाही. आणि सव्वीसच्या दुसऱ्या बाजूला, शेवटी. खालच्या पट्टीतला आवाज. ओळ संपताना श्वास आत घेतात, बाकीच्या बाहेर सोडतात."

मग संतोष म्हणाले, "तुमाला म्हाईत व्हतं साहेब?"

"तुम्ही नाव विचारलंत. नाव माझ्याकडे नव्हतं. आवाज होता."

"मंग ह्यात बाया किती हायेत?"

"अकरा. एक मुलगी धरली तर बारा."

चौदा लावली, सव्वीस लावली. दोन्हीकडे कौसाबाई होत्या. संतोष जाताना सरांच्या पाया पडायला वाकले. मला ते बघवलं नाही, मी मागच्या खोलीत गेले. त्या माणसानं एकतीसच्या एकतीस कॅसेटी इतक्या बारकाईनं ऐकल्या होत्या की कोणती बाई श्वास कुठं घेते हे त्याला पाठ होतं. आणि रजिस्टरमध्ये त्यानं लिहिलं होतं, 'बायका'.

त्याच संध्याकाळी मी त्यांच्यासमोर कोरे कागद ठेवले. म्हटलं, नावं नसू द्या. पहिला आवाज, दुसरा आवाज, असं तरी लिहून द्या. कोणत्या कॅसेटवर कोणता. बाकीचं मी बघते.

"ज्याला ऐकू येतं त्याला कळेल," ते म्हणाले आणि कागदांच्या कडा जुळवून मला परत दिले.

पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात अध्यक्ष म्हणाले की सरांनी हा संग्रह पोटच्या पोरासारखा जपला. खाली कुणीतरी डोळे पुसले. सरांनी उत्तराच्या भाषणात आभार मानले ते मशीनचे.

मी त्यानंतर एकदा त्यांच्या सिडकोतल्या घरी गेले. मला जायचं नव्हतं. पण नवव्या कपाटाचं काम त्यांच्याशिवाय अडलं होतं, आणि अध्यक्ष म्हणाले तूच जा. मी लॅपटॉप आणि हेडफोन घेऊन गेले. म्हटलं, तुम्ही फक्त ऐका आणि बोला, लिहायचं काम माझं. आठवड्यातून एक तास, इथं, तुमच्या घरी.

त्यांनी लॅपटॉपकडे पाहिलं. "टायपिस्टबाई, मी संस्थेत नोकरीला होतो. माझे कान नव्हते."

मी पाचोडच्या बायकांचं सांगितलं, म्हाताऱ्या होत चालल्यात, एकेक जातेय. ते म्हणाले, "सगळेच जातात." मग पेपर उघडला. त्यांच्या पत्नी चहा घेऊन आल्या. आम्ही दोघींनी तो आवाज न करता प्यायला. फाटकापर्यंत सोडायला आल्या तेव्हा मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, घरात गाणं फार चालत असेल ना. त्या म्हणाल्या, "घरात नाही लावत ते कधी. आणि मी काम करता करता गुणगुणायचे आधी. लग्न झाल्यावर सोडलं. त्यांना बेसूर सहन होत नाही." तक्रार करत नव्हत्या, भाजीत मीठ कमी लागतं म्हणावं तसं सांगत होत्या.

शेवटी आम्ही आमच्या पद्धतीनं केलं. संतोषनी सुट्टी टाकली, जीप ठरवली आणि पाचोडहून त्या ओट्यावर बसलेल्यांपैकी हयात असलेल्या चौघींना घेऊन आले. मी टेबलं भिंतीला सरकवली, सतरंजी घातली. पंखा पूर्ण वेगानं लावला. हेडफोन कुणालाच नको होते, कानात गुदगुल्या होतात म्हणून, तेव्हा स्पीकर लावला. अठ्ठावीस कॅसेटी मी आधीच संगणकावर घेतल्या होत्या.

एकेका आवाजाचा तुकडा तेवढा लावत दोन दिवस चाललं. पहिलाच आवाज लागला आणि दोघी एकदम म्हणाल्या, गया. तिसरी म्हणाली गया न्हाय, गयाची जाऊ. त्यावर अर्धा तास भांडण झालं, त्यात गयाच्या घरची सगळी वाटणी निघाली, आणि शेवटी गयाच ठरली. एक सुमनबाई होत्या, सगळ्यांत मोठ्या. त्यांचा स्वतःचा आवाज लागला तेव्हा त्या म्हणाल्या, "ही कोन बया, लई गोड म्हनती." बाकीच्या तिघी हसून हसून लवंडल्या. सुमनबाईंना पटेना. त्यांना ती ओवी पुन्हा म्हणायला लावली तेव्हा पटलं, आणि मग त्या बराच वेळ स्पीकरकडे बघत राहिल्या. सलीमभाईंनी सगळ्यांना चहा दिला आणि पहिल्यांदा आमच्यात बसून, भुरके मारत प्यायले.

आज संग्रहालयाच्या संगणकावर, किंवा घरी बसून फोनवर, 'पाचोड' टाका. किंवा 'दळण', किंवा 'कौसाबाई', किंवा ओवीतला एखादा शब्द. समोर येतं. नाव, गाव, कोणाची लेक, कोणाची सून, कॅसेट कितवी, किती मिनिटांवर. गेल्या महिन्यात पुण्याहून एका मुलीचा फोन आला, गया तिची पणजी निघाली. मात्र तीन आवाज त्या चौघींना ओळखता आले नाहीत. एक कुठं संपतो आणि दुसरा कुठं सुरू होतो हेही आम्हाला नक्की सांगता येत नाही. तिथं मी 'अनोळखी' लिहिलंय. ते तीन आवाज वेगळे करू शकणारा एकच माणूस होता आणि आता तो नाही.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते त्यांच्या जाण्याआधी दोनेक महिने. आईच्या मोतीबिंदूच्या तपासणीला डोळ्यांच्या दवाखान्यात गेले होते. मोठा हॉल, तीस-चाळीस म्हातारी माणसं ओळीनं खुर्च्यांवर. नर्स येऊन एकेकाच्या डोळ्यांत थेंब घालायची आणि नाव पुकारेपर्यंत डोळे मिटून बसा म्हणून सांगायची. समोरच्या ओळीत सर बसले होते. एकटेच. डोळे मिटलेले, हनुवटी थोडी वर, पाठ ताठ. वाळले होते. शर्टाची कॉलर गळ्याभोवती मोठी झाली होती, पण मनगटाचं बटण लावलेलं होतं. ते मला बघू शकत नव्हते, त्यामुळं मी त्यांच्याकडे हवं तेवढं बघितलं.

आतून नर्स आली आणि तिनं नाव पुकारलं. "दत्तात्रय जिंतूरकर."

ते हलले नाहीत. मला वाटलं डुलकी लागली असेल. पण बोटं मांडीवर चाळा करत होती, जागे होते. नर्सनं पुन्हा पुकारलं, या वेळी मोठ्यांदा. शेजारच्या खुर्चीवरच्या बाईनं मान वळवून इकडंतिकडं पाहिलं. सर तसेच. तेव्हा माझ्या लक्षात आलं. नर्स त्यांच्यापासून चार हातांवर उभी होती. तिसऱ्यांदा तिनं नाव घेतलं, थोडं थांबली, हातातल्या कागदावर काहीतरी खूण केली आणि पुढचं नाव वाचलं. ते माझ्या आईचं होतं.

मी आईला उठवलं. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, तिनं माझा दंड धरला आणि विचारलं, "कोनाला हाका मारत होती गं एवढ्या? वळखीचं हाय का कोनी?"

मी म्हटलं, "नाय."

आईला आत वीस मिनिटं लागली. बाहेर आलो तेव्हा हॉल अर्धा रिकामा झाला होता. समोरच्या ओळीत ते तसेच बसून होते, डोळे मिटून, चेहरा आतल्या दाराकडे केलेला. दुपारच्या जेवणासाठी नर्स दार लावून घेत होती. मी आईचा हात धरला आणि आम्ही पायऱ्या उतरलो.